‘जरा छोटासा बदल होता’ : कामात ठामपणे कसं बोलावं

पुण्यात स्पष्टवक्त्यांना तोटा नाही असा बाहेरच्यांचा समज आहे, आणि पुरावा म्हणून ते आपल्या पाट्या दाखवतात. अठरा वर्षं या शहरात मुखपृष्ठं, दिवाळी अंकांची मांडणी आणि जाहिरातींची कामं केल्यावर माझं मत नेमकं उलट झालं आहे. ज्याला तोंडावर बोलवत नाही तो पाटी लावतो. फाटकासमोर गाडी लावणाऱ्याला दोन शब्द सांगण्यापेक्षा पत्रा रंगवणं सोपं वाटतं. आमच्या धंद्यात पत्र्याची जागा आता व्हॉट्सॲप ग्रुपने घेतली आहे. दिवसभर ‘हो सर, करते सर’, आणि रात्री पावणेबाराला ‘सर्वांच्या माहितीसाठी’ असं म्हणून सुरू होणारा चार परिच्छेदांचा मजकूर.

मीही एकदा असा मजकूर टाकला आहे. सप्टेंबरचा शेवट, दिवाळी अंक, आणि ‘जरा छोटासा बदल होता’ म्हणत आलेली मुखपृष्ठातल्या बदलांची पाचवी फेरी. ग्रुपवर संपादक, त्यांच्या जाहिराती बघणारी मुलगी, मुद्रितशोधक आणि छपाईवाले. माझा तळतळाट सगळ्यांत आधी छपाईवाल्यांनी वाचला आणि खाली अंगठा टाकला. अंक वेळेवर निघाला, पण पुढची दोन वर्षं मला त्या दारातून बोलावणं आलं नाही. मुद्दा माझाच बरोबर होता, त्याने काही फरक पडला नाही.

तेव्हा ग्रुप बंद करा आणि खालच्या क्रमाने जा.

हिशोब काढा. कोटेशनमध्ये किती फेऱ्या धरल्या होत्या, किती झाल्या, पुढच्या फेरीला किती वेळ लागेल. कोटेशनमध्ये फेऱ्यांचा आकडाच नसेल तर या वेळी मुकाट्याने काम करून द्या आणि पुढच्या वेळी तो लिहा.

माणूस ओळखा. निर्णय कोणाच्या हातात आहे? एजन्सीतून फोन करणारा मुलगा निरोप्या असतो. त्याला झापून तुम्हाला मोकळं वाटेल एवढंच. निरोप वर जाताना ‘मॅडम चिडल्यात’ एवढाच जाईल.

वेळ मागून घ्या. ‘उद्या अकराला दहा मिनिटं बोलायचंय, मुखपृष्ठाबद्दल.’ विषय सांगूनच वेळ मागा, नाहीतर समोरचा रात्रभर भलतंच काहीतरी गृहीत धरून येतो. आणि कृपा करून अमृततुल्यात भेटू नका. उभ्याने, स्टोव्हच्या आवाजात, चहाचे पैसे कोणी द्यायचे यावर ओढाताण करत पैशाचं बोलणं होत नाही.

वाक्य तयार करा. इथे बहुतेक सल्ले बिघडतात. कार्यशाळांमधून एक साचा शिकवतात: ‘जेव्हा तुम्ही असं करता, तेव्हा मला असं वाटतं.’ थॉमस गॉर्डन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आईवडिलांसाठी रूढ केलेली ही पद्धत आहे आणि घरात ती चालतेही. पण नारायण पेठेतल्या साठीच्या प्रकाशकासमोर ‘मला दुर्लक्षित वाटतं’ म्हणून बघा. तो घाबरून पाणी मागवेल, तुमची समजूत काढेल, आणि पाचवी फेरी होती तिथेच राहील. पैशाच्या बोलण्यात भावना आणली की समोरच्याला ती पुसायची सोय होते.

माझ्या वाक्यात तीनच गोष्टी असतात: काय ठरलं होतं, आता काय लागेल, आणि निवडायला दोन वाटा. ‘सर, आपण दोन फेऱ्या धरल्या होत्या, ही पाचवी आहे. मुखपृष्ठ नव्याने करायला दीड दिवस आणि चार हजार रुपये लागतील. नाहीतर आहे ते उद्या छपाईला पाठवू. तुम्ही सांगा.’ ‘तुम्ही नेहमीच’ नको, ‘आजकाल कोणाला किंमतच नाही’ तर नकोच नको. आणि ‘राग मानू नका, पण’ हे शब्द आयुष्यातून काढून टाका. ते ऐकल्याबरोबर माणूस राग मानायच्या तयारीला लागतो.

आता गप्प बसा. हे मला सहा-सात वर्षं जमलं नाही. म्हणून इथे थोडं थांबते.

पहिल्यांदा मी वरचं वाक्य अगदी जसंच्या तसं बोलले. समोर दुसरेच एक संपादक होते. ‘तुम्ही सांगा’ म्हणून झालं. त्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसायला घेतला. पंख्याचा आवाज येत होता. चार सेकंद गेले असतील. मग मला माझाच आवाज ऐकू आला: ‘नाही, म्हणजे जड जात असेल तर राहू दे, मी बसते रात्री.’ त्यांनी अजून तोंडही उघडलं नव्हतं! मीच मागितलं आणि मीच माघार घेतली. अंकाच्या प्रकाशनाला ते हसत म्हणाले, ‘मी साडेतीन हजारांना हो म्हणणार होतो. मनात छपाईच्या पानांचा हिशोब करत होतो.’ फुकट गेलेली ती रात्र मला अजून आठवते.

असं का होतं, याचा नंतर बराच विचार केला. बैठकीच्या खोलीत शांतता पडली की ‘चहा टाकू?’ म्हणायचं, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं. पाहुणा गप्प बसला तर ती यजमानाची चूक, आणि मुलींना तर हे जास्तच शिकवतात. कामाच्या टेबलावरही आपण तेच करतो, फक्त चहाऐवजी सवलत पुढे करतो. समोरच्याची शांतता म्हणजे नापसंती, असं आपण परस्पर ठरवून टाकतो. प्रत्यक्षात तो आकडेमोड करत असतो, किंवा भागीदाराला काय सांगायचं ते जुळवत असतो. काही वेळा नुसता चष्माच पुसत असतो.

मला उपयोगी पडलं ते असं. पाण्याचा पेला हाताशी ठेवायचा आणि वाक्य संपल्याबरोबर मोठा घोट घ्यायचा. तोंडात पाणी असताना सवलत देता येत नाही. फोनवर असाल तर वाक्य संपताच म्यूट दाबा. ते काढायला बोट उचलावं लागतं तेवढ्यात अक्कल परत येते. नजर चेहऱ्यावर रोखू नका, कोटेशनच्या कागदावर ठेवा. गप्प बसणं म्हणजे टक लावून धमकावणं नव्हे. घरी सराव करा. माझी बहीण संपादक व्हायची, मी वाक्य बोलायची, आणि तिने अर्धं मिनिट काहीही बोलायचं नाही असा नियम. पहिले काही दिवस दोघी हसूनच लोळलो. आठवड्याभराने ते अर्धं मिनिट अंगवळणी पडलं.

एक सावधगिरी. शांतता फक्त एकदाच, वाक्यानंतर. समोरच्याने खरा प्रश्न विचारला, जसं ‘दीड दिवस कशाला लागतो?’, तर लगेच आणि सविस्तर उत्तर द्या. तिथे मूग गिळून बसलात तर तो आगाऊपणा होतो.

मग येणारी उत्तरं. ती ठरलेली आहेत. ‘बजेटच नाही हो’ याला ‘मग आहे तेच पाठवू, तेही चांगलं झालंय.’ ‘आपले घरचे संबंध’ याला ‘म्हणूनच बिलात घालायच्या आधी सांगायला आले.’ ‘दुसऱ्याकडून करून घेऊ’ याला ‘चालेल, आतापर्यंतचं बिल देते’, पण हे खरंच चालणार असेल तरच. पोकळ धमकी या शहरात संध्याकाळपर्यंत पुस्तकवाल्यांचा अप्पा बळवंत चौक ओलांडते. आणि ‘मॅडम, चिडताय कशाला?’ याला ‘मी चिडले नाहीये’ हे उत्तर कधीही देऊ नका, ते आजवर कोणालाही शांत आवाजात जमलेलं नाही. पुन्हा तेच शब्द: ‘दीड दिवस, चार हजार. की आहे तेच पाठवू?’ कंटाळवाणं वाटेल. वाटू द्या.

लेखी करा. त्याच संध्याकाळी दोन ओळींची मेल: ‘आज बोलल्याप्रमाणे…’

कायदा माहीत असू द्या, पण पहिल्या भेटीत काढू नका. ‘कॉपीराइट नेहमी कलाकाराचाच’ असं छातीठोक सांगणाऱ्यांपासून दूर राहा. कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्याच्या कलम १७ प्रमाणे नोकरीत केलेलं काम, वेगळा करार नसेल तर, मालकाचं. आणि मोबदला देऊन काढून घेतलेला फोटो किंवा चित्रही, वेगळं ठरलं नसेल तर, काढून घेणाऱ्याचं ठरतं. म्हणजे चित्राचा कॉपीराइट आपल्याकडे राहावा असं वाटत असेल तर ते कामाच्या आधी कागदावर हवं. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर कलम १९ प्रमाणे ते सहीनिशी लेखीच लागतं, आणि मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरतात. थकलेल्या बिलांसाठी उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, करून ठेवा, तीही काम घेण्याआधी, फुकट होते. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या कायद्याने लहान पुरवठादाराचे पैसे ठरलेल्या तारखेला आणि फार तर ४५ दिवसांत द्यावे लागतात. काहीच ठरलं नसेल तर १५ दिवसांत. पुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. हे तिसऱ्या स्मरणपत्रात एका ओळीत लिहायचं.

सहकाऱ्याशी वाजलं तर प्रश्न वेगळा असतो, तिथे पैसा नसतो, ‘कोणाचं चालणार’ हे असतं. कॉलेजात पुरुषोत्तम करंडक या एकांकिका स्पर्धेच्या तालमींत मी प्रकाशयोजना करायचे, आणि भांडणाची माझी शाळा तीच. दिग्दर्शकाला हरकत एकदा सांगायची, कारणासकट, तालमीच्या आधी आणि एकटा गाठून. त्याने तरी प्रकाश निळाच हवा म्हटलं तर भरत नाट्य मंदिरात निळाच, आणि विंगेत कुजबुज बंद. मांडणीतही मी तेच करते: अक्षरांचा आकार माझा, शीर्षक संपादकाचं. हद्द आधी ठरली की निम्मी भांडणं उगवतच नाहीत.

एका ठिकाणी यातलं काहीही वापरायचं नाही. अंगचटीला येणं, अश्लील बोलणं, कामाच्या बदल्यात ‘भेटायला ये’ म्हणणं हा मतभेद नव्हे. तिथे दोन वाटा द्यायच्या नाहीत आणि समजून घ्यायला बसायचं नाही. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा अधिक माणसांच्या कार्यालयात अंतर्गत समिती लागते. त्याहून लहान स्टुडिओ असेल तर, किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल तर, जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. तक्रार लेखी, घटनेपासून ३ महिन्यांच्या आत. मेसेज पुसू नका, स्क्रीनशॉट काढा, आणि तारखा त्याच दिवशी वहीत लिहा.