वैद्यकीय इच्छापत्र लिहिताना

‘मला मशिनवर ठेवू नका,’ असे घरातील ज्येष्ठ अनेकदा बोलून दाखवतात. परंतु न्युमोनियात आठवडाभर लागणारा व्हेंटिलेटर आणि मेंदूला भरून न येणारी इजा झाल्यावर महिनोन् महिने चालणारा व्हेंटिलेटर हे यंत्र एकच असले, तरी पहिला उपचार असतो आणि दुसरे बहुधा मरण लांबवणे. म्हणून वैद्यकीय इच्छापत्रात, म्हणजे आपण बोलू शकत नसू तेव्हा कोणते उपचार हवेत वा नकोत हे आधीच लिहून ठेवलेल्या कागदात (‘लिव्हिंग विल’), यंत्राच्या आधी आजाराची स्थिती लिहावी: ‘बरे होण्याची शक्यता उरलेली नाही असे डॉक्टरांचे मत झाल्यास व्हेंटिलेटर व डायलिसिस सुरू करू नये, सुरू असल्यास थांबवावे, वेदनाशमन मात्र शेवटपर्यंत चालू ठेवावे.’ हृदय बंद पडल्यास छाती दाबावी का, नळीने अन्न द्यावे का, हेही स्वतंत्र वाक्यांत लिहावे. ‘उगाच हाल करू नका’ एवढ्यावर भागत नाही. रात्री दोन वाजता अतिदक्षता विभागाच्या दाराशी संमतीपत्रक पुढे येते, तेव्हा त्या वाक्याचा अर्थ प्रत्येक भावंड आपापल्या परीने लावते.

आपल्या वतीने बोलणाऱ्या एकाहून अधिक जवळच्या व्यक्तींची नावे घालावीत. बेशुद्ध रुग्णाच्या वतीने कोणी बोलायचे हा प्रश्न मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्या खटल्यात कळीचा ठरला होता. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने तो अधिकार त्यांना जगवणे थांबवावे असा अर्ज करणाऱ्या लेखिका पिंकी विराणी यांचा नव्हे, तर ३७ वर्षे त्यांची शुश्रूषा करणाऱ्या केईएमच्या कर्मचाऱ्यांचा मानला. जवळचा म्हणजे सर्वांत लाडका नव्हे. डॉक्टरांसमोर न रडता आपले म्हणणे मांडू शकेल असा माणूस निवडावा, हे माझे मत.

अशा इच्छापत्राला न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी मान्यता दिली. त्या वेळी दंडाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी लागत असे, आणि त्या अटीमुळेच बहुतेकांचे कागद कोरे राहिले असावेत. २४ जानेवारी २०२३ च्या सुधारणेनंतर दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेसे आहेत. इंजेक्शन देऊन मृत्यू घडवणे मात्र आजही गुन्हाच आहे. प्रत्यक्ष वेळ आल्यावर डॉक्टरांची दोन मंडळे एकापाठोपाठ मत देतात, प्रत्येकाने शक्यतो ४८ तासांत.

प्रती नेमलेल्या व्यक्तींना, फॅमिली डॉक्टरांना आणि पालिकेने किंवा स्थानिक संस्थेने नेमलेल्या अधिकाऱ्याला द्याव्यात. बँकेच्या लॉकरमध्ये ठेवू नये. तो रविवारी उघडत नाही. मत बदलल्यास लेखी रद्द करून नवे इच्छापत्र करावे आणि जुन्या प्रती परत मागून घ्याव्यात.