जपानला जायची तयारी: डबे कमी, मोजे जास्त

मामाच्या पोरीचं स्टुडंट एक्सचेंजमधून जपानला जायचं नक्की झालं, जूनमध्ये, 2 आठवडे, आणि त्या दिवसापासून रोज रात्री हिचे मेसेज चालू, दादा काय काय घेऊ, दादा लोणचं चालतं का, दादा तिकडे ज्वारीचं पीठ मिळतं का. गेल्या वर्षी अकरावीत असताना मी पण असाच गेलतो म्हणून घरात आता मी एक्स्पर्ट. तर एकदाच सगळं टाइप करून टाकायलो, लातूर-नांदेड-परभणीकडची अजून कुणी पोरं जाणार असतील तर त्यांनी पण वाचा.

आधी कागदं, कारण जीव इथंच जातो. माझ्या जन्मदाखल्यावर माझं नावच नव्हतं, आईबापाचं नाव, तारीख सगळं बरोबर, पोराचं नाव टाकायचं 16 वर्षं कुणाच्या ध्यानातच आलं नाही. तू आज दाखला, आधार आणि शाळेचं बोनाफाईड शेजारी शेजारी ठेवून स्पेलिंग बघ, आडनावाच्या जागी मामाचं नाव पडलंय का ते पण बघ. 18 च्या आतल्यांचा पासपोर्ट 5 वर्षांचा किंवा 18 पूर्ण होईपर्यंतचाच असतो, पण 15 झाल्यावर 10 वर्षांचा मागता येतो, तोच मागून टाक. पासपोर्टच्या 2 झेरॉक्स, एक बॅगेत एक अंगावर, आणि एक फोटो मामाच्या मोबाईलमध्ये. सोबत होस्ट फॅमिलीचा (ज्यांच्या घरी राहायचं त्यांचा) पत्ता जपानीत लिहून घे, नुसता इंग्रजीत नको.

आता बॅग. माझ्या तिकिटावर 23 किलो होतं, हातात 7, तुझं किती ते तुझ्या तिकिटावर बघ. माझ्या 23 मधले 9 किलो निव्वळ डबे होते. धपाटे, शेंगदाण्याची चटणी, येसर, 2 किलो लाडू, मुरमुऱ्याचं अख्खं पोतं (सुशीला करून घालीन तिकडच्या लोकांना, असा माझा प्लॅन होता). त्यातलं निम्मं परत आलं आणि ते सगळं लातूर एक्स्प्रेसमध्येच खाऊन संपवलं. आजी खोबऱ्याच्या वाट्या घालील, गपचूप काढून ठेव, सुकं खोबरं लवकर पेट घेतं म्हणून चेक-इनमध्ये चालत नाही. मामी केशर आंबे देईल, नको म्हण, ताजी फळं तिकडे विमानतळावर काढून घेतात, कढीपत्ता पण नको. लोणच्याचं तेल हातातल्या बॅगेत अडवतात, तिथं 100 मिलीच्या वर काही पातळ जात नाही. पॉवर बँक मात्र उलटी, ती हातातल्याच बॅगेत. चटणी घे पाव किलो, बास.

तुझ्या घरी मामा माळकरी, तुझ्या पण गळ्यात माळ, त्यामुळं खाण्याचं नीट ऐक. तिकडे "मांस नको" म्हणलं की ते मान हलवतात आणि मस्त सूप आणून ठेवतात, ज्याचं पाणीच माशाचं असतं. दाशी म्हणतात त्याला, सुकवलेल्या माशाचे पापुद्रे उकळून केलेलं, आणि ते आपल्या फोडणीसारखं जिकडं तिकडं असतंय. म्हणून मांस, मासा, अंडं आणि दाशी, चारी नको असं जपानीत छापून एक कार्ड कर, लॅमिनेट कर, गळ्यातच अडकव म्हण. दुकानातलं पाकीट उचललं की ट्रान्सलेटचा कॅमेरा धरायचा. भाताचा त्रिकोणी लाडू मिळतो, ओनिगिरी, त्यातल्या एकात उमेबोशी म्हणजे खारवलेलं आंबट फळ असतं, ते खाऊन मला आजीच्या जुन्या लोणच्याची आठवण आली. त्यातलं पण आत काय काय ते विचारूनच घे. माळेचं कुणी विचारलं तर घाबरू नको, त्यांच्याकडे पण जपाची माळ असते, जुझू म्हणतात, माझ्या होस्ट आजीनं स्वतःची काढून दाखवली होती. (मी काय काय खाल्लं ते मामाला सांगायची गरज नाही.)

मोजे. हसू नको, ह्या यादीतली सगळ्यात महत्त्वाची वस्तू मोजेच आहेत. घरात शिरताना, देवळात, काही हॉटेलात, दिवसातून 10 वेळा बूट निघतात आणि माझ्या डाव्या अंगठ्याचं भोक पहिल्याच दिवशी आख्ख्या फॅमिलीनं बघितलं. बिनभोकाचे 8 जोड घे आणि बूट लेस नसलेले घे. काढलेले बूट दाराकडं तोंड करून लावायचे. आत स्लीपर, टाटामीच्या (गवती चटयांच्या) खोलीत स्लीपर पण नाही, आणि संडासाची स्लीपर वेगळी जी संडासातच ठेवायची. मी ती घालून सरळ जेवायला येऊन बसलो. कुणी काही बोललं नाही, होस्ट भाऊ नुसता माझ्या पायाकडं बघायला.

त्याहून मोठं कांड अंघोळीचं, हे नीट वाच. तिकडे टबात बसायच्या आधी बाहेर छोट्या स्टुलावर बसून साबण लावून पार स्वच्छ व्हायचं, आणि मग नुसतं शेकायला टबात उतरायचं, कारण त्याच पाण्यात एकामागं एक सगळं घर बसतं. पाहुण्याला पहिला नंबर देतात. मला हे कुणी सांगितलं नव्हतं, म्हणजे ओरिएंटेशनच्या पीडीएफमध्ये असणार, पण ती कोण वाचतंय. मी टबात साबण लावला, मस्त अंघोळ केली आणि चांगल्या घरच्या पोरासारखं बूच काढून टब रिकामा करून, पुसून बाहेर आलो. 200 लिटरच्या आसपास गरम पाणी, आणि माझ्या मागं 4 माणसं थांबलेली.

आता मी लातूरचा. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून आपल्याकडं रेल्वेनं पाणी आलतं, पहिल्या गाडीला 10 टँकर होते, 5 लाख लिटर, मी तेव्हा 8 वर्षांचा आणि पप्पांच्या खांद्यावर बसून ती गाडी बघितलेली मला चांगली आठवते. आमच्या घरात अजून पण भाज्या धुतलेलं पाणी कुंडीत जातं. आणि तो मी दुसऱ्याच्या घरातलं 200 लिटर ओतून आलो. मला लै वाईट वाटलं, मोबाईलवर टाइप करून करून होस्ट आजोबाला ते रेल्वेचं सांगितलं, तर त्यांना वाटलं ट्रान्सलेट चुकलं, त्यांनी मला 3 वेळा विचारलं, ट्रेनमध्ये पाणी? प्यायचं पाणी? मग उठून मला बाथरूममध्ये नेलं आणि एक पाइप दाखवला, टबातलं उरलेलं पाणी त्या पाइपनं वॉशिंग मशीनमध्ये घेतात, कपडे त्याच्यात धुतात. पुढचे 10 दिवस तो पाइप लावायचं काम माझ्याकडं. तर यादीत लिही, बूच काढायचं नाही.

बाकी बारक्या वस्तू पटापट. चार्जरला चपट्या 2 पिनचा अडॅप्टर, कारण आपली गोल पिन तिकडे बसत नाही, आणि लाइट 100 व्होल्टचं आहे, मोबाईलला चालतं पण पाणी तापवायचा रॉड वगैरे घरीच ठेव. सर्दीच्या काही गोळ्यांवर तिकडे बंदी आहे, स्यूडोएफेड्रिन असलेल्यांवर तर लै कडक, म्हणून गोळ्या डॉक्टरला दाखवून, चिठ्ठीसकट. सुट्ट्या नाण्यांसाठी बटवा, 100 येन म्हणजे आपले 55-60 रुपये धर, 5 येनच्या नाण्याला मधोमध भोक असतं आणि ते देवाला टाकायला शुभ मानतात, तेवढी बाजूला काढत जा. जूनमध्ये तिकडे पावसाळा, फोल्डिंगची छत्री. पोलीस 110, अँब्युलन्स 119. आणि पर्समध्ये कायम एक रिकामी कॅरीबॅग, रस्त्यावर कचऱ्याचे डबे जवळजवळ नसतातच, मी केळ्याची साल खिशात घालून अर्धा दिवस फिरलोय.

गिफ्ट घे, पण 4 नग नको, 4 ला ते "शी" म्हणतात आणि मरणाला पण तोच शब्द. मी संभाजीनगरवरून हिमरूचा स्टोल नेला होता. दोन्ही हातानं द्यायचं. होस्ट आईनं घेतला, वाकून थँक्यू म्हणली आणि न उघडता कपाटावर ठेवून दिला, मला रात्रभर झोप नाही, आवडला नाही वाटतं. तिकडे पाहुण्यासमोर फाडाफाडी करत नाहीत एवढंच. दुसऱ्या दिवशी गळ्यात होता.

आणि जायच्या आधी अजिंठा बघून ये. खरंच सांगायलो. माझी फॅमिली नारा भागातली, आजोबा मला होर्युजी देवळात घेऊन गेले, तिथल्या मुख्य मंडपातल्या भिंतीवरची जुनी चित्रं 1949 ला आगीत जळाली, पण त्यातल्या बोधिसत्त्वाची तुलना आपल्या अजिंठ्याच्या पहिल्या लेणीतल्या पद्मपाणीशी करतात. आजोबांनी फोटो काढून दाखवला आणि विचारलं, तू बघितलंयस ना, तुमच्याकडचं आहे. सहावीच्या सहलीत गेलतो की. मला माकडं आठवत होती, बसमध्ये कोण उलटी केली ते आठवत होतं, पद्मपाणी काय आठवंना. मग तोडाईजी देवळातल्या मोठ्या बुद्धासमोर त्यांनीच मला सांगितलं की 752 साली ह्या मूर्तीचे डोळे उघडायचा विधी बोधिसेन नावाच्या भारतातून आलेल्या भिक्षूनं केलता. मी आपला हो हो केलं आणि बाहेर येऊन तिथं मोकळ्या फिरणाऱ्या हरणांना बिस्किटं चारायलो. सोमवारी अजिंठा बंद असतो, तेवढं बघून जा.

शेवटचं, घरी 8 दिवस प्रॅक्टिस कर. तिकडे ट्रेनमध्ये फोनवर कुणी बोलत नाही, आणि तू मामीला "ऐकू यायलंय का" म्हणून जे ओरडतीस ना, ते ऐकून अख्खा डबा वळून बघंल. वेळेतला फरक साडेतीन तासांचा, तिकडची वेळ पुढं, म्हणजे मामीचा रात्री 9 चा फोन तुला साडेबाराला येणार, तिला आत्ताच सांगून ठेव. लातूर पॅटर्नवाल्या सगळ्या काकांनी माझ्या पप्पांना विचारलं होतं, नीट परीक्षेच्या वर्षात 2 आठवडे कशाला वाया घालवता म्हणून, तुझ्या पप्पांना पण विचारतील, त्यांना चहा पाजायचा आणि विषय बदलायचा.

बॅग भरली की झाकायच्या आधी फोटो टाक, डबे मी मोजतो.