बीम टाइम मागताना आधी शिफ्टचं गणित मांडा

न्यूक्लिअर फिजिक्समध्ये पीएचडीला नाव नोंदवलं की पहिला प्रश्न उभा राहतो: आपल्या विद्यापीठात ऍक्सेलरेटर (भारित कणांना वेग देणारं यंत्र) नाही, मग प्रयोग कुठे करायचा? मुंबईत कुलाब्याला टीआयएफआरच्या आवारात बीएआरसी आणि टीआयएफआरचं पेलेट्रॉन आहे, कोलकात्याला व्हीईसीसी या केंद्राचं सायक्लोट्रॉन आहे (दोन्ही ऍक्सेलरेटरचेच प्रकार) आणि दिल्लीत आययूएसी, म्हणजे इंटर-युनिव्हर्सिटी ऍक्सेलरेटर सेंटर. हे शेवटचं केंद्र १९८४मध्ये स्थापन झालं तेच मुळी विद्यापीठांसाठी. माझं पीएचडीचं काम तिथल्या पेलेट्रॉनवर झालं, म्हणून त्याच अनुभवावरून लिहितो.

बीम टाइम, म्हणजे ऍक्सेलरेटरमधून निघणारा आयनांचा झोत (बीम) आपल्या प्रयोगाला मिळण्याचा वेळ, शिफ्टमध्ये मोजतात. एक शिफ्ट आठ तासांची, आणि प्रयोग सुरू असला की बीम रात्रंदिवस चालतो. मागणारे खूप, यंत्र एकच. त्यामुळे प्रपोजल आधी युजर्स कमिटीपुढे जातं. तिथे उभं राहून ते मांडावं लागतं आणि समोर बसलेल्यांनी असे प्रयोग आयुष्यभर केलेले असतात.

नवीन मुलांची बरीच प्रपोजल्स मी वाचली आहेत. ताऱ्यांमध्ये मूलद्रव्यं कशी तयार होतात यावर दोन पानं असतात, पण मागितलेल्या २१ शिफ्ट कुठून आल्या याचा पत्ता नसतो. कमिटी बोट ठेवते ते नेमकं तिथेच. म्हणून लिहायला घ्याल तेव्हा हे गणित सगळ्यात आधी करा.

समजा, बीम ज्यावर आदळतो त्या टार्गेटचा वस्तुमानांक १५० आणि जाडी चौरस सेंटिमीटरला २०० मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे चौरस सेंटिमीटरमागे आठावर सतरा शून्यं इतकी अणुकेंद्रकं. बीम एक पार्टिकल नॅनोऍम्पिअर, म्हणजे सेकंदाला सव्वासहा अब्ज आयन. क्रॉस सेक्शन, म्हणजे अभिक्रिया घडण्याच्या शक्यतेचं माप, एक मिलिबार्न (दहाचा उणे सत्ताविसावा घात चौरस सेंटिमीटर) असेल तर सेकंदाला साधारण पाच अभिक्रिया घडतील. त्यातल्या शंभरात एक डिटेक्टरला सापडत असेल तर आठ तासांत चौदाशेच्या आसपास नोंदी मिळतात. तीन टक्के सांख्यिकी अचूकतेला अकराशे पुरतात. म्हणजे बीमच्या एका ऊर्जेला एक शिफ्ट झाली. आठ ऊर्जांना मोजायचं असेल तर आठ, शिवाय बीम जुळवणं, कॅलिब्रेशन आणि ऊर्जा बदलणं यांसाठी दोन-तीन. आता ‘अकराच का?’ असं कुणी विचारलं तर तुमच्याकडे उत्तर आहे. आणि ‘सहाच दिल्या तर काय कराल?’ हेही विचारतातच. कोणत्या ऊर्जा आधी घ्यायच्या, तो क्रम कागदावर तयार हवा.

हवा तो बीम हव्या त्या ऊर्जेला मिळतोच असं नाही. पेलेट्रॉन टँडेम जातीचं यंत्र आहे, त्यात आयन आधी ऋणभारित करून सोडावे लागतात; मध्यावरच्या उच्च व्होल्टेजच्या टर्मिनलपाशी त्यांचे इलेक्ट्रॉन काढले की ते धनभारित होऊन पुढे पुन्हा वेग घेतात. निऑन-आरगॉन ऋण आयन होत नाहीत, तेव्हा ते बीम विसरायचे. ऊर्जेचा हिशोब सोपा आहे: आयनाच्या धनभारात एक मिळवा आणि टर्मिनलच्या व्होल्टेजने गुणा. १३ दशलक्ष व्होल्टला सात धनभाराचा ऑक्सिजन १०४ एमईव्हीपर्यंत (दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्ट) जातो. तरीही प्रपोजल पाठवण्याआधी यंत्र चालवणाऱ्यांशी बोलाच. सध्या कोणता बीम किती स्थिर मिळतो, हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसतं.

सगळ्यात जास्त वेळ खातं ते टार्गेट. समृद्ध समस्थानिक (हव्या त्या समस्थानिकाचं प्रमाण वाढवलेला पदार्थ) महाग असतो आणि तोही मोजून मिलिग्रॅममध्ये हातात येतो. बहुतेकदा तो निर्वात पात्रात तापवून पातळ कार्बनच्या थरावर बसवतात. हा कार्बन आधी काचपट्टीवर चढवलेला असतो, काच आणि कार्बन यांच्यामध्ये पाण्यात विरघळणारा थर असतो. काचपट्टी तिरकी धरून हळूहळू पाण्यात उतरवायची. थर विरघळतो आणि काळसर पापुद्रा सुटून पाण्यावर तरंगतो. खालून फ्रेम सरकवून तो उचलायचा. पंखा बंद ठेवा आणि श्वासही जपून घ्या. हे काम हातात बसायला वेळ लागतो, म्हणून टार्गेट लॅबमध्ये प्रपोजल मंजूर होण्याच्या आधीपासून जायला लागा. ‘टार्गेट तयार आहे, अल्फा कणांचा ऊर्जाऱ्हास मोजून जाडी पाहिली आहे’ हे एक वाक्य मांडणीत असलं की पुढच्या बऱ्याच शंका निघतच नाहीत.

स्वतःचं प्रपोजल द्यायच्या आधी दुसऱ्यांच्या प्रयोगांत रात्रपाळ्या करा, हे मी प्रत्येकाला आग्रहाने सांगतो. पहाटे तीनला काउंट रेट (नोंदी येण्याचा वेग) अचानक पडला तर आधी बीम करंट बघायचा की डिटेक्टरचं व्होल्टेज, हे कंट्रोल रूममध्ये बसूनच कळतं. शिवाय तिथे ओळखी होतात आणि पुढे तुमच्या शिफ्टना हीच माणसं येतात. चोवीस तासांचा प्रयोग दोघातिघांच्या बळावर ओढता येत नाही; प्रपोजलवर सहकाऱ्यांची नावं टाकताना खरोखर येणार कोण, हे विचारून घ्या.

प्रयोग आटोपला की विश्लेषण पूर्ण व्हायची वाट न पाहता लॉगबुकवरून दोन पानांचा अहवाल लिहून काढा: किती शिफ्ट मिळाल्या, किती वापरल्या, कोणत्या ऊर्जेला किती नोंदी आल्या. पुढचं प्रपोजल घेऊन उभे राहाल तेव्हा मागच्या बीम टाइमचं काय झालं, हे विचारलं जातंच.