नवी मुंबईच्या रेल्वेचं सगळं जाळं एका दिवसात: कमीत कमी अंतराचा मार्ग कसा काढावा

ठाण्यात गाडीत बसायचं, नवी मुंबईतल्या रेल्वेचा एकही तुकडा न सोडता सगळं जाळं फिरायचं आणि तेही कमीत कमी अंतरात. हे ज्यांना करून बघायचंय त्यांनी एक गोष्ट आधी डोक्यात पक्की करावी. प्रत्येक तुकड्यावरून एकदा तर जावंच लागणार, त्यात काही वाचत नाही. वाचवता येतं ते फक्त दुसऱ्यांदा कापलेलं अंतर. म्हणजे प्रश्न ‘कुठून कुठे जाऊ’ हा नाहीच. ‘कोणता तुकडा दोनदा घेऊ’ हा आहे. ज्या सल्ल्यात हा प्रश्न येत नाही तो सोडून द्या.

नियम ठरवा

सगळी स्थानकं गाठणं आणि सगळे मार्ग कापणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि लोक त्यांची सर्रास गल्लत करतात. न्यूयॉर्कमध्ये १९६६ साली पीटर सॅमसन यांनी सबवेच्या, म्हणजे तिथल्या भुयारी रेल्वेच्या, अशा फेऱ्यांसाठी नियम केले, तेव्हाच हे प्रकार वेगळे काढले होते: एका प्रकारात प्रत्येक मार्ग पूर्ण कापायचा, दुसऱ्यात प्रत्येक स्थानकावर थांबायचं, तिसऱ्यात प्रत्येक स्थानकातून नुसतं जायचं. आपल्याकडे तुर्भे–जुईनगर हा तुकडा न घेताही तुर्भे आणि जुईनगर दोन्ही स्थानकं होतात. बेलापूरहून बामणडोंगरीकडे जाणारा फाटा न घेताही बेलापूर आणि बामणडोंगरी होतात. स्थानकं मोजणारा हे दोन तुकडे विसरतो आणि सगळं जाळं फिरलो असं समजतो. या लेखात मार्ग मोजायचे आहेत.

माझी हद्द अशी: ठाण्याहून येणारा ट्रान्स-हार्बर, वाशीपासून पनवेलपर्यंतचा हार्बर, उरणचा मार्ग दोन्ही फाट्यांसह, आणि बेलापूर ते पेंधर मेट्रो. वाशीच्या पुढचा खाडीपूल हद्दीबाहेर. नेरूळ ते सीवूड्स-दारावे हे अंतर हार्बर आणि उरण या दोन्ही गाड्या कापतात, ते मी एकदाच मोजते. तुम्हाला दोनदा मोजायचं असेल तर खुशाल मोजा, पण सुरुवातीलाच ठरवा, अर्ध्या वाटेत नाही. बेलापूरला रेल्वेतून मेट्रोकडे चालत जाण्याचं अंतर हिशेबात धरायचं नाही.

नकाशा बारीक करा

ऐरोली, रबाळे, घणसोली, खारघर, खांदेश्वर, खारकोपर: ज्या स्थानकाला दोनच बाजू आहेत ते नकाशातून पुसून टाका. नेरूळही पुसा. उरणच्या गाड्या तिथून सुटतात म्हणून ते मोठं जंक्शन वाटतं, पण वरच्या नियमाप्रमाणे फाटा फुटतो सीवूड्सला. मग उरतात अकरा ठिपके: ठाणे, तुर्भे, सानपाडा, जुईनगर, वाशी, सीवूड्स, बेलापूर, पनवेल, पेंधर, बामणडोंगरी, उरण. त्यांना जोडणारे बारा तुकडे.

प्रत्येक ठिपक्याला किती तुकडे मिळतात ते लिहा

सोपं काम. ठाणे, वाशी, पनवेल, पेंधर, उरण: एकेक. तुर्भे, सानपाडा, जुईनगर, सीवूड्स, बामणडोंगरी: तीन-तीन. बेलापूर: चार. सगळ्यांची बेरीज तुकड्यांच्या दुप्पट, म्हणजे चोवीस आली पाहिजे. नाही आली तर नकाशा चुकलाय, पुढे जाऊ नका.

एक किंवा तीन तुकडे असलेले ठिपके म्हणजे विषम ठिपके. आपल्याकडे ते दहा आहेत. क्योनिग्सबर्ग शहरातले सातही पूल प्रत्येकी एकदाच ओलांडून फिरता येतं का, हा प्रश्न गणिती ऑयलरने १७३६ मध्ये सोडवला तो याच मोजणीवर. ठिपक्यात जितक्या वेळा आलात तितक्या वेळा बाहेर पडावं लागतं, म्हणून तुकडे जोडीने संपतात. विषम ठिपक्यात एक तुकडा एकटा उरतो. असे ठिपके दोनच असले तर एकातून निघून दुसऱ्यात संपवता येतं आणि काहीच दोनदा कापावं लागत नाही. दहा असले तर काही तुकडे दोनदा घ्यावेच लागतात.

बेलापूर बघा. रेल्वेचे तीन तुकडे आणि वर मेट्रो, म्हणून नवखा माणूस सगळा वेळ बेलापूरवरच घालवतो. चार हा आकडा सम आहे, बेलापूर आपल्याला काहीही त्रास देत नाही.

कोणता तुकडा दोनदा: खरी अवघड पायरी

मला सर्वांत जास्त झगडावं लागलं ते इथे, त्यामुळे घाई करू नका.

दहा विषम ठिपक्यांपैकी दोन ठिपके सुरुवातीला आणि शेवटाला ठेवायचे. उरलेल्या आठांच्या चार जोड्या लावायच्या आणि प्रत्येक जोडीमधली वाट दोनदा कापायची. वाट दुप्पट केली की तिच्या दोन्ही टोकांना एकेक तुकडा वाढतो आणि ते ठिपके सम होतात. मधल्या ठिपक्यांना दोन वाढतात, म्हणजे त्यांचं सम-विषम बदलत नाही. एवढंच तत्त्व आहे. पण दोन टोकं निवडण्याचे पंचेचाळीस प्रकार आणि उरलेल्या आठांच्या जोड्या लावण्याचे एकशे पाच, असे मिळून ४७२५ पर्याय होतात. ते एकेक करून तपासायला बसू नका. त्याहून वाईट म्हणजे ‘समोर येईल तो न घेतलेला फाटा आधी घ्या’ हा सल्ला. तो पाळणारा माणूस सीवूड्सला उरणची गाडी दिसली की तीत चढतो, उरणला पोहोचतो, आणि मग बेलापूर, पनवेल, पेंधर बाकी आहेत म्हणून जाळ्यातला सगळ्यात लांब फाटा उलटा कापत परत येतो.

त्याऐवजी नकाशाकडे असं बघा: कोणता तुकडा काढला तर जाळ्याचे दोन भाग होतील? ठाणे–तुर्भे, वाशी–सानपाडा, जुईनगर–सीवूड्स, बेलापूर–पनवेल, बेलापूर–पेंधर, बामणडोंगरी–उरण. या सहा तुकड्यांबाबत तुमच्या हातात फारसं काही नाही. सुरुवात एका बाजूला आणि शेवट दुसऱ्या बाजूला असेल तर असा तुकडा एकदाच कापावा लागतो. दोन्ही एकाच बाजूला असतील तर जाऊन परत यावंच लागतं. यातूनच टोकं ठरतात: जी दोन टोकं एकमेकांपासून सर्वांत लांब, तिथे सुरुवात आणि शेवट. वाशीचा फाटा एका स्थानकाचा, तो दोनदा घेतला तरी बिघडत नाही. मेट्रो ११.१ किलोमीटर. उरणकडे मात्र नुसतं खारकोपर ते उरण हेच सुमारे साडेचौदा किलोमीटर आहे, आणि त्या मार्गावर गाड्याही कमी. म्हणून ठाणे आणि उरण. फेरी घरी येऊन संपावी असा हट्ट धरू नका. ‘गोल फेरी’ म्हटलं की लांबचे दोन्ही फाटे दुप्पट झालेच म्हणून समजा.

आता खरी निवड उरते ती फक्त दोन त्रिकोणांत: तुर्भे–सानपाडा–जुईनगर आणि सीवूड्स–बेलापूर–बामणडोंगरी. इथे चिनी गणिती क्वान मेई-को यांनी १९६० मध्ये मांडलेली कसोटी लावा. पोस्टमनने प्रत्येक गल्ली फिरून कमीत कमी चालावं कसं, हा त्यांचा प्रश्न होता, आणि आपलाही तोच. कसोटीचे दोन भाग आहेत. पहिला: कोणताही तुकडा जास्तीचा म्हणून दोनदा धरला जाऊ नये. समजा तुम्ही वाशी–सीवूड्स आणि जुईनगर–बामणडोंगरी अशा जोड्या लावल्या. दोन्ही वाटांमध्ये जुईनगर–सीवूड्स येतं. जोडीदार बदला, वाशी–जुईनगर आणि सीवूड्स–बामणडोंगरी करा, तो तुकडा गळून पडतो. दुसरा: कुठल्याही बंद वेढ्यात, म्हणजे फिरून त्याच ठिपक्यावर आणणाऱ्या वाटेत, दुप्पट केलेलं अंतर वेढ्याच्या निम्म्याहून जास्त नसावं. जास्त असेल तर त्या वेढ्यात दुप्पट आणि एकेरी यांची अदलाबदल करा.

दुसरा भाग लोक वाचतात आणि सोडून देतात, म्हणून उदाहरण देते. सीवूड्स आणि बामणडोंगरी ही जोडी आहे. त्यांच्यामधली वाट बेलापूरवरून दुप्पट केली तर त्रिकोणाच्या दोन बाजू वाढतात, थेट केली तर एक. थेट कमी. पहिल्या त्रिकोणातही तसंच: सानपाडा वाशीशी जोडलं जातं, तुर्भे आणि जुईनगर एकमेकांशी, आणि दुप्पट होतो तो थेट तुर्भे–जुईनगर तुकडा. पनवेल आणि पेंधर यांची जोडी बेलापूरवरून. दोन्ही कसोट्या उतरल्या की तुमच्या मार्गाहून कमी अंतराचा मार्ग त्या टोकांमध्ये असूच शकत नाही. ‘बहुतेक हाच असेल’ यावर थांबू नका. हा मार्ग सिद्ध करता येतो आणि तो सिद्ध करूनच घराबाहेर पडावं.

गाड्यांमध्ये उतरवा

ठाण्याहून वाशी लोकल, थेट वाशीपर्यंत. तिथून पनवेलकडची हार्बर, जुईनगरला उतरा. ठाण्याकडची गाडी घेऊन तुर्भे. तुर्भ्याहून ठाणे–पनवेल गाडी मिळाली तर पनवेलपर्यंत उतरायचं काम नाही. पनवेलहून परत बेलापूर. मेट्रोने पेंधर, मेट्रोने परत. बेलापूरहून उरण गाडी, बामणडोंगरीला उतरा. नेरूळकडची गाडी घेऊन सीवूड्स. मग नेरूळहून आलेली उरण गाडी, शेवटपर्यंत.

पहिल्या त्रिकोणाचा क्रम उलटाही चालतो: ठाणे ते जुईनगर, जुईनगर ते वाशी, वाशी ते तुर्भे, मग तुर्भे ते पनवेल. अंतर तेवढंच, गाड्याही तेवढ्याच. ठाण्याच्या फलाटावर आधी जी लागेल, वाशी किंवा पनवेल, ती पकडा आणि त्याप्रमाणे क्रम धरा.

बामणडोंगरीबद्दल सावध राहा. दोन्ही फाटे स्थानकाच्या थोडे अलीकडे एक होतात. कागदावर तो एक ठिपका आहे, पण गाडी बदलता येते ती दोन्हीकडच्या गाड्या जिथे थांबतात तिथेच. जिथे रूळ मिळतात पण फलाट नाही, तिथे मनानेच वळण धरू नका. हिशेब नेहमी फलाटापासून करा. या बदलासाठी उरण मार्गाचं वेळापत्रक आधी काढून ठेवा आणि पूर्ण दिवस त्याच्याभोवती बसवा, हार्बरच्या भोवती नाही. हार्बरची गाडी चुकली तर पुढची लगेच येते. उरणची चुकली तर बराच वेळ बसून राहावं लागतं. बामणडोंगरीहून सीवूड्सला न उतरता नेरूळपर्यंत गेलात तर एका स्थानकाचं अंतर जाऊन-येऊन दोनदा वाढेल, पण तिथून उरणला जागा मिळते. कमी अंतर हाच नियम असेल तर सीवूड्सलाच उतरा.

रविवार टाळा, मेगाब्लॉक असतो. उलटसुलट प्रवासाला साधं एकेरी तिकीट चालत नाही. लोकलचं दिवसभराचं पर्यटक तिकीट मिळतं, ते खिडकीवर आपला सगळा मार्ग सांगून घ्या. मेट्रोचं वेगळं.

हद्द वाढवायची असेल तर

पूर्ण हिशेब परत करू नका. नवा तुकडा जोडला की फक्त त्याच्या दोन टोकांचं सम-विषम उलटतं, बाकी ठिपके जसेच्या तसे राहतात. मानखुर्दपर्यंतचा खाडीपूल घेतलात तर वाशी सम होते आणि मानखुर्द नवं विषम टोक बनतं. जोडी वाशी–सानपाड्याऐवजी मानखुर्द–सानपाडा, आणि पूल जाऊन-येऊन दोनदा. ट्रान्स-हार्बरचा ठाणे–तुर्भे तुकडा पुलाहून लांब आहे, त्यामुळे सुरुवात ठाण्याहूनच ठेवा.