रांजणवाडीचा शेक गार होऊ नये म्हणून थर्मास

रांजणवाडीला शेक द्यायला सगळेच सांगतात, पण फडकं मिनिटभरात गार होतं आणि आपण कंटाळून सोडून देतो. गेल्या हंगामात, सांगलीत उसाच्या फडांची काजळी अंगणात पडत होती तेव्हा, धाकटीची पापणी ज्वारीच्या दाण्याएवढी सुजली. गॅसपाशी येरझाऱ्या घालून दमले, तेव्हा चहाचा थर्मास आठवला.

१. थर्मास साबणाने स्वच्छ धुवा. उकळून कोमट केलेलं पाणी भरा. मनगटाच्या आतल्या बाजूला सोसेल इतकंच गरम हवं.
२. दोन धुतलेले सुती रुमाल घ्या. एक मिटलेल्या डोळ्यावर, तोवर दुसरा वाटीत ओतलेल्या पाण्यात. गार झाला की बदला.
३. असं १० मिनिटं, दिवसातून ३-४ वेळा. आधी आणि नंतर हात धुवा.

शेकाने पापणीच्या कडेची तुंबलेली ग्रंथी मोकळी होते, फोड आपोआप फुटून निचरा होतो. साधारण आठवडा-दोन आठवडे लागतात, धीर धरा. काजळ आणि लेन्स तोवर बंद. टॉवेल वेगळा ठेवा, घरातल्या लहानग्यांसाठी हे फार महत्त्वाचं.

फोड दाबून फोडू नका. लवंग उगाळून तर अजिबात लावू नका, डोळ्यात गेली तर आग होते. आमच्याकडे आजीचा आग्रह होता, मी हात जोडून थांबवलं. सूज गालाकडे पसरली, ताप आला किंवा अंधुक दिसू लागलं तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.