पीसी का कन्सोल? पहिले पाच वर्षांचा हिशोब मांडा भो

पोराने गेमिंगचा हट्ट धरला की घरात लगेच भाव विचारणं सुरू होतं, पीएस5 चा (सोनीचा प्लेस्टेशन 5, टीव्हीला जोडायचा कन्सोल) डिस्कवाला स्लिम मॉडेल भारतात 2024 मध्ये 54,990 ला आला होता आणि ग्राफिक्स कार्ड टाकलेला बरा पीसी मॉनिटरसकट 80 हजाराच्या आसपास धरा (2025 च्या शेवटापासून रॅमचे भाव चढलेत, म्हणून कोटेशन ताजंच घ्या). एवढ्यावरून कन्सोल स्वस्त म्हणून मोकळे होऊ नका, खरा पैसा पुढे जातो.

वहीत पहिले लिहा, वर्षाला किती नवे गेम घेणार. समजा 3, म्हणजे पाच वर्षात 15. कन्सोलचा मोठा नवा गेम 5 हजारापर्यंत जातो, तर 75 हजार झाले. पीसीवर स्टीम या ऑनलाइन गेम दुकानाच्या उन्हाळी नाहीतर डिसेंबरच्या सेलपर्यंत थांबलं तर तसाच गेम दीड हजाराला धरू, 15 चे साडेबावीस हजार. वरून एपिक हे दुसरं ऑनलाइन दुकान दर आठवड्याला फुकट गेम देतं, 2020 मध्ये तर जीटीए 5 सुद्धा दिला होता. आता कन्सोल 1 लाख 30 हजार आणि पीसी 1 लाख अडीच हजार, सगळं उलटं झालं ना!

पण डिस्क विकता येते. गेम संपवून अर्ध्या भावात दिला तरी 75 चे साडेसदतीस होतात आणि कन्सोल परत खाली येतो, मित्रांमध्ये अदलाबदल असेल तर अजूनच. म्हणून माझं स्पष्ट मत, आपल्याकडे डिजिटल (बिनडिस्कचं) मॉडेल घेऊ नका, तिथे सुरुवातीला थोडे पैसे वाचतात पण घेतलेला गेम कोणाला देता येत नाही. ऑनलाइन खेळायला पीएस प्लसची वर्षाची फी पण लिहा, फोर्टनाईट आणि वॉरझोनसारख्या फुकट गेमला ती लागत नाही. पीसीवर अशी फी नाही.

आता लाईटबिल. पीसी 400 वॅट आणि पीएस5 200 वॅट धरा, रोज 3 तास खेळलं तर महिन्याला 36 आणि 18 युनिट. महावितरणचा रेट 100 युनिटच्या वर गेला की दुपटीच्या आसपास जातो, आणि जळगाव-भुसावळच्या उन्हाळ्यात पंखा-कूलरनेच 100 पार होतात, म्हणजे गेमिंगचं प्रत्येक युनिट महागातलं. 10 रुपये धरले तरी पाच वर्षात पीसीचे 10-11 हजार जास्त.

लाईट जायचा खर्च पण धरा. पीसीला साधा 600 व्हीएचा यूपीएस पुरत नाही, निदान 1000 चा पाहिजे. घरी इन्व्हर्टर असेल तर त्याचं बटण यूपीएस मोडवर ठेवा आणि किती लोड झेपतो ते बघा. आणि मे महिन्यात दुपारी खेळूच नका, सोनीने पीएस5 साठी 35 डिग्रीपर्यंतचं तापमान सांगितलंय आणि आपल्याकडे 44-45 होतं! कूलरची ओली हवा थेट मशीनवर सोडू नका, टीव्हीच्या बंद कप्प्यात कन्सोल कोंबू नका.

एक मुद्दा सगळा हिशोब फिरवतो. पोरगं डिप्लोमा नाहीतर इंजिनीअरिंग करतंय आणि 40 हजाराचा कॉम्प्युटर तसाही घ्यायचाच आहे, तर पीसीच्या 80 मधून ते 40 वजा करा, मग पीसीच घ्या, विचार करत बसू नका. घरात लॅपटॉप आहे, टीव्ही आहे, फक्त फुटबॉल-क्रिकेट खेळायचंय, तर डिस्कवाला कन्सोल.

पीसी जळगावच्या गोलाणी मार्केटमधून जुळवून घेत असाल तर एकच गोळाबेरीज बिल घेऊ नका, ग्राफिक्स कार्ड, रॅम, एसएसडी, पॉवर सप्लाय सगळ्यांची नावं आणि सिरियल नंबर टाकलेलं पक्कं जीएसटी बिल मागा, कारण वॉरंटी प्रत्येक पार्टची वेगळी असते आणि वॉरंटीच्या काळात कार्ड बिघडलं तर तेच बिल कामाला येतं.