वर्ड बंद पडल्यावर फाइल ‘लॉक’ दिसतेय?

वर्ड अचानक बंद पडलं की फाइल उघडताना ‘दुसरी व्यक्ती वापरत आहे’ असा संदेश येतो, आणि बरेचदा नाव आपलंच असतं! कारण त्याच फोल्डरमध्ये मागे राहिलेली ~$ ने सुरू होणारी, जेमतेम 162 बाइटची लपलेली फाइल. मोठ्या नावातली पहिली दोन अक्षरं त्यात गळलेली असतात.

आधी वर्ड उघडून ‘डॉक्युमेंट रिकव्हरी’च्या पट्टीत दिसणारी प्रत सेव्ह करा. ~$ फाइल उडवायची घाई नकोच. मग वर्ड बंद करा. कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजरमध्ये वर्ड अडकलेलं दिसलं तर ‘एंड टास्क’. फाइल एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’मध्ये ‘हिडन आयटम्स’ सुरू करून फक्त ती ~$ फाइल उडवा. फोल्डर सामायिक असेल तर सहकाऱ्याने खरंच फाइल उघडलेली नाही ना, हे आधी विचारा.